थंडरबर्ड्स, तुकोबांचे विमान आणि आमची मुले

येत्या मे महिन्यात वस्तीतल्या मुलांचे शिबिर घ्यायचे आहे. त्यातली एक संध्याकाळ 'थंडरबर्ड्स' या जुन्या ब्रिटिश बाहुली-मालिकेसाठी ठेवावी अशी सूचना आली आणि मग आमच्या बैठकीत तासभर दुसरा विषयच निघाला नाही. ज्येष्ठांचे म्हणणे असे की, मुलांना बावीस प्रतिज्ञा धड पाठ नाहीत, दहावीनंतर काय करायचे ते कळत नाही, आणि तुम्ही त्यांना बाहुल्यांचा खेळ दाखवणार? तरुणांपैकी एकाने सरळच विचारले, "गोऱ्यांच्या बालपणीच्या आठवणी आपण कशाला उगाळायच्या?" दोन्ही आक्षेप पोरकट नाहीत, म्हणून त्यांना नीट उत्तर द्यावे असे आम्हाला वाटते. आम्ही म्हणजे इंदुरी, तळेगाव, देहूरोड या पट्ट्यात काम करणारे आणि सूचनेच्या बाजूने हात वर केलेले कार्यकर्ते.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. गेरी आणि सिल्व्हिया अँडरसन या जोडप्याने लंडनजवळच्या स्लाऊ गावातल्या स्टुडिओत ती बनवली. ३० सप्टेंबर १९६५ पासून ती ब्रिटनमध्ये दिसू लागली आणि तिचे एकूण ३२ भाग झाले. जेफ ट्रेसी नावाचा एक श्रीमंत माजी अंतराळवीर, त्याचे पाच मुलगे, एक गुप्त बेट आणि पाच याने. पहिले चंदेरी आणि सर्वांत वेगवान. दुसरे हिरवे, ढबोळे, पोटात यंत्रांचा डबा घेऊन जाणारे. तिसरे लाल अग्निबाण, चौथी पिवळी पाणबुडी आणि पाचवे अवकाशात तरंगणारे स्थानक. या स्थानकावर जगभरातली मदतीची हाक ऐकू येते. कुठे बोगदा खचला, कुठे विमान उतरता येईना, कुठे इमारत पेटली की ही मंडळी निघतात, माणसे वाचवतात आणि नाव न सांगता परततात. शत्रूवर चाल करणे, दुसऱ्याचा ग्रह जिंकणे हा त्यांचा धंदाच नाही.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. ऑक्टोबर १९६३ मध्ये जर्मनीतल्या लेंगेडे येथे खाणीत पाणी घुसले. २९ कामगार मेले. पण वरून खोल भोक पाडून, दोन आठवड्यांनी, ११ जणांना जिवंत बाहेर काढले गेले. भोक पाडणारे अवजड यंत्र दुसऱ्या शहरातून आणण्यात मोलाचे तास गेले. ही बातमी ऐकून अँडरसन यांना वाटले की अशी यंत्रे कायम सज्ज असतील आणि झेप घेऊन पोहोचतील तर किती बरे होईल. म्हणजे त्या हिरव्या विमानाच्या पोटात खाणकामगारांचा मृत्यू आहे. आमच्या लेखी ही साधी गोष्ट नाही.

आता बाहुल्यांविषयी. त्या बारीक धातूच्या तारांवर लटकत. त्याच तारांतून वीज डोक्यात जाई आणि संवादाबरोबर ओठ हलत. ही यंत्रणा डोक्यात बसवायची म्हणून डोकी धडाच्या मानाने मोठी. बाहुल्यांना चालता मात्र येईना. चालल्या की उड्या मारल्यासारख्या दिसत. मग त्यांना चालवायचेच कशाला? बसवा विमानात, बसवा गाडीत, बसवा सरकत्या खुर्चीत. एवढी सारी वाहने असण्याचे हेही एक कारण! आणि बटण दाबणारा हात जवळून दाखवायचा झाला की खऱ्या माणसाचा हात दाखवीत. कितीही काळजी घेतली तरी एखाद्या दृश्यात तार दिसतेच.

आज साठी-सत्तरी गाठलेले इंग्रज या यानांच्या आठवणीने हळवे होतात. मालिकेला ५० वर्षे झाली तेव्हा चाहत्यांनी वर्गणी काढून, १९६० च्या दशकात ध्वनिमुद्रित झालेल्या कथांवरून, जुन्याच पद्धतीने तीन नवे भाग तयार केले. संगणकावर सगळे गुळगुळीत करता आले असते. त्यांनी मुद्दाम तारा, लाकूड, प्लास्टिक आणि धूर निवडला. त्यांना तार लपवायची नव्हती, तारेचीच तर आठवण येत होती. यान कोणी आखले, कोणी रंगवले, कोणी पेटवले हे त्यांना नावानिशी माहीत आहे. त्या यानांचा मुख्य कर्ता डेरेक मेडिंग्ज पुढे 'सुपरमॅन' आणि जेम्स बाँडच्या चित्रपटांसाठी असेच काम करू लागला. खोटे यान आहे हे पूर्ण ठाऊक असूनही त्याच्यावर प्रेम करता येते. आम्हाला मुलांना नेमके हेच दाखवायचे आहे.

कारण आपल्याकडे काय चालते ते पाहा.

आठवणींचा बाजार आपल्याकडेही तेजीत आहे. नव्वदचे दशक, दूरदर्शन, रविवारची सकाळ. 'स्पेस सिटी सिग्मा', 'इंद्रधनुष', 'कॅप्टन व्योम' यांच्या आठवणी निघतात तेव्हा आम्हालाही बरे वाटते, खोटे कशाला बोला. पण 'त्या काळी सगळी आळी एका टीव्हीसमोर बसायची' हे वाक्य आले की आम्ही थांबतो. कोण खुर्चीवर, कोण सतरंजीवर, कोण उंबऱ्याबाहेर आणि कोण खिडकीच्या गजाला धरून उभे, हेही त्या आठवणीत लिहा. आमच्यातल्या कित्येकांनी अंतराळ पाहिले ते दुसऱ्याच्या खिडकीतून, पाय दुखेपर्यंत उभे राहून. ज्याचा टीव्ही त्याने मधेच बंद केला की अंतराळ संपले.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि पुष्पक विमान घराघरांत उतरले. यातली गंमत कोणी फारशी सांगत नाही. ते विमान देशभर पोहोचवत होता इन्सॅट-१बी हा खराखुरा उपग्रह. तो १९८३ मध्ये अमेरिकेच्या चॅलेंजर यानातून वर गेला होता. खरे यान वर मुकाट फिरत होते आणि त्याच्या जिवावर खाली काल्पनिक विमानाला हार घातले जात होते, उदबत्त्या लावल्या जात होत्या. पौराणिक कथेतल्या विमानाला आमचा विरोध नाही. कथा आहे, उडू दे. भांडण सुरू होते ते 'हे घडलेच होते' असे सांगायला सुरुवात होते तिथून.

जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या १०२व्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये काय झाले ते आठवा. विज्ञानाच्या व्यासपीठावरून सांगितले गेले की प्राचीन भारतीय विमाने एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जात. आधार कोणता, तर 'वैमानिक शास्त्र'. या ग्रंथाची तपासणी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ सालीच केली होती. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यात वर्णन केलेली विमाने उडणे शक्य नाही, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे फसवणूक उघडी पडून चाळीस वर्षे झाली होती, तरी ती सन्मानाने व्यासपीठावर बसली. तीच गत शिवकर बापूजी तळपदे यांच्या 'मरुत्सखा'ची. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, विमान उडाले म्हणतात. तळपदे हे खरे गृहस्थ होते, खटपटी होते, त्यांच्या जिद्दीला नाव ठेवायचे कारण नाही. पण त्या उड्डाणाचा त्या काळातला विश्वसनीय पुरावा आजवर कोणी पुढे ठेवलेला नाही, आणि पुरावा मागणाऱ्याला देशद्रोही ठरवण्याची घाई मात्र आहे.

स्लाऊचा म्हातारा म्हणतो, 'आमचे विमान किती सुंदर होते, ती बघ तार.' आपल्याकडचा म्हणतो, 'आमचे विमान खरे होते, तारेबद्दल बोलशील तर याद राख.' पहिल्याची स्मरणरंजनाची हौस निरुपद्रवी आहे. दुसऱ्याच्या हौसेत सत्ता आहे. आमचे पूर्वज ग्रहांवर जात होते, असे म्हणणाऱ्याला त्या सुवर्णयुगात आमच्या पूर्वजांना गावच्या पाणवठ्यावरही जाता येत नव्हते, याचे उत्तर द्यावे लागत नाही. विमानाच्या धुरळ्यात चवदार तळे दिसेनासे होते.

आणि आम्हाला तर विमान शोधायला मुंबईला जायचे कारणच नाही. लोणावळ्याकडून येणारी इंद्रायणी इंदुरीच्या गढीखालून वाहते आणि पुढे तेच पाणी देहूच्या घाटाला लागते. त्या देहूत, तुकाराम बीजेच्या दिवशी, तुकोबा सदेह वैकुंठाला गेले आणि त्यांना न्यायला विमान आले, अशी श्रद्धा आहे. दरवर्षी त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास नांदुरकीच्या झाडाची पाने हलतात म्हणून हजारो लोक तिथे डोळे लावून उभे असतात. त्यात आमचे शेजारी असतात, आमच्याबरोबर कंपनीत काम करणारे असतात. त्यांची टिंगल करणे आम्हाला मान्य नाही. वारकऱ्याचे तुकोबांवरचे प्रेम खरे आहे. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग होता.

पण प्रेम आहे म्हणूनच विचारायला हवे. ज्या माणसाने वेदांचा मक्ता सांगणाऱ्यांना जाब विचारला, ज्याच्या वह्या नदीत बुडवायला लावल्याची परंपराच सांगते, त्या माणसाचे पुढे नेमके काय झाले? डॉ. आ. ह. साळुंखे यांनी 'विद्रोही तुकाराम'मध्ये हा प्रश्न विचारला आणि घातपाताची शक्यता मांडली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! इतिहासाचा अंतिम निकाल आम्ही इथे देत नाही. एवढेच म्हणतो की विमान एकदा आकाशात उडवले की खाली तपास करायला कोणी उरत नाही. सगळ्यांच्या माना वर.

१९३६ मध्ये पुण्याच्या प्रभात कंपनीने 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शेवटी गरुडाचे भलेमोठे विमान येते आणि तुकोबांना घेऊन आभाळात जाते. जिजाई मात्र खालीच राहते. ते विमान प्रभातच्या कारागिरांनी बनवले होते. आज तिथे चित्रपटांचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे. 'थंडरबर्ड्स'च्या जवळजवळ तीस वर्षे आधी आपल्या जिल्ह्यात, एवढ्या तोडीचे विमान पडद्यावर उडवणारे हात होते! त्या हातांचे कौतुक कोणी करते का? नाही. कारण ते केले की विमान बनवलेले आहे हे कबूल करावे लागते. चमत्काराला कारागीर चालत नाही.

कारागिरांचा विषय निघालाच आहे तर एक भर घालतो. तारेवरच्या बाहुल्यांना आपण कळसूत्री म्हणतो आणि नाटकातला 'सूत्रधार' हा शब्दही कित्येक जण याच दोरीशी जोडतात. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीच्या ठाकर आदिवासींनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जगवली. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे स्लाऊच्या स्टुडिओत जे सूत्र हलत होते ते आपल्या डोंगरकपारीत आधीपासून होते. फरक एवढाच की तिकडे त्या हातांना कारखाना आणि पगार मिळाला, इकडे त्यांना भिक्षेची झोळी आणि पुराणातलेच विषय मिळाले. ठाकराच्या पोराला कोणी म्हटले असते की, बाबा, एक अग्निबाण कर, तर त्याने काय केले असते याचा विचार करून पाहा.

चोखोबांसाठी मात्र विमान आले नाही. १३३८ साली मंगळवेढ्यात गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळले आणि राबायला नेलेले चोखोबा व त्यांचे सोबती त्याखाली मेले, असे परंपरा सांगते. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून ती हाडे ओळखली, अशी पुढची कथा. हाडे ओळखायला देव आला. कुसू पडत असताना हात द्यायला कोणी आले नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला, तो उगाच नव्हे.

कुसू कोसळणे ही चौदाव्या शतकातली गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. रविवार, १५ जून २०२५. आमच्या इंदुरीजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल पर्यटकांसकट इंद्रायणीत कोसळला. चार जण मेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल जुना आणि धोकादायक आहे हे आधीपासून ठाऊक होते. स्थानिक तरुण पाण्यात उतरले, बचाव पथके आली, एनडीआरएफ आले. माणसांनी माणसे बाहेर काढली. तो दिवस या परिसरात कोणी विसरलेले नाही. आमच्या शिबिरात येणाऱ्या मुलांपैकी काहींनी सायरन ऐकले आहेत. या मुलांना पूल पडल्यावर पोहोचणारे हिरवे विमान दाखवणे म्हणजे भलतीकडचे बालपण उसने आणणे नव्हे. त्यांच्या मनात आधीच असलेल्या प्रश्नाला ते चित्र देते. मग त्यांना विचारता येईल की पूल का पडला, कोणी बघायला हवे होते, क्रेन यायला किती वेळ लागतो.

तरुण मित्राचा आक्षेप मात्र अर्धा बरोबर आहे आणि तो आम्ही झाकणार नाही. 'थंडरबर्ड्स'मध्ये वाचवणारे सगळे गोरे, एकाच बापाचे मुलगे. खलनायक 'द हूड' कोण? मलेशियाच्या जंगलातल्या मंदिरात राहणारा, डोळ्यांतून जादू करणारा आशियाई. आणि त्याचा सावत्र भाऊ ट्रेसींच्या घरचा नोकर. म्हणजे तपकिरी माणसाला जागा दोनच, एक तर चोर नाही तर चाकर. हा वर्णाचा हिशेब बाहुल्यांतही सुटलेला नाही. दुसरे म्हणजे, माणसांचे प्राण एका कोट्यधीशाच्या मर्जीवर का? त्याने बेट विकले तर? १९४७ मध्ये 'राज्ये आणि अल्पसंख्याक' लिहिताना बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत अशी मागणी केली. त्या मांडणीत ही याने कोणाच्या मालकीची असायला हवीत? हा प्रश्न आम्ही मुलांना टाकणारच आहोत. मालिका दाखवायची म्हणजे तिची आरती करायची असे थोडेच आहे.

ज्येष्ठांच्या आक्षेपाबद्दल आमचे म्हणणे थोडे कडक आहे, राग मानू नये. आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी आपण सगळे जण मिळून एकच स्वप्न पाहतो. भरती, बँक, तलाठी, एमपीएससी. भाकरीची गरज आम्हाला कळते, आमच्याही घरात तीच गरज आहे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हातात गाईड देऊन त्याला 'तू एवढाच' असे आपणच सांगणार असू, तर मनूने वेगळे काय सांगितले होते? हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला १७ जानेवारी २०१६ रोजी गेला. शेवटच्या पत्रात त्याने लिहिले होते की त्याला कार्ल सेगनसारखा विज्ञानलेखक व्हायचे होते. सेगनची 'कॉसमॉस' ही १९८० सालची मालिका आठवून पाहा. तो 'कल्पनेचे यान' म्हणूनच एका यानात बसतो आणि प्रेक्षकाला ताऱ्यांकडे नेतो. यान काल्पनिक आहे हे पहिल्याच भागात सांगतो, आणि त्यातून जे दाखवतो ते विज्ञानाने तपासलेले. रोहितला त्या यानात बसायचे होते. आपण त्याच्या फोटोला हार घालतो, त्याच्या नावाने घोषणा देतो. त्याच्या ताऱ्यांचे काय करतो?

वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१क नुसार नागरिकाचे कर्तव्य आहे, हे आपण भाषणात सांगतो. (ते कलम १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आले. बाबासाहेबांनी लिहिले असे स्टेटस ठेवणाऱ्यांनी कृपया दुरुस्ती करावी. चिकित्सा घरापासून सुरू होते.) हे कर्तव्य पाठांतराने पार पडत नाही. 'कालाम सुत्त' दहा वेळा वाचून दाखवण्यापेक्षा मुलांना पडद्यावरची तार स्वतः शोधू द्यावी. ज्याने एकदा तार शोधली त्याला पुढे बाबाच्या हातातून निघणारी राख, निवडणुकीच्या तोंडावर वाटली जाणारी पूर्वजांची थोरवी, व्हॉट्सॲपवरचे 'नासानेही मान्य केले' हे सगळे पाहताना डोळे आपोआप वरच्या बाजूला नेण्याची सवय लागते. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथून जवळच, देहूरोडला, बुद्धमूर्तीची स्थापना केली. देहूच्या इतक्या जवळ त्यांनी जो बुद्ध आणला तो कोणाला विमानात बसवून नेत नाही. चालत येतो आणि प्रश्न विचारायला सांगतो.

शेवटी बैठकीत मतदान झाले आणि सूचना दोन मतांनी मंजूर झाली. ज्येष्ठांची एक अट मान्य केली आहे, की सकाळचे सत्र प्रतिज्ञांचे आणि संविधानाचेच राहील. संध्याकाळी दोन भाग दाखवू, आवाज बंद करून, मराठीत आम्हीच बोलू. दुसऱ्या दिवशी 'संत तुकाराम'मधला शेवटचा प्रसंग दाखवायचा की नाही यावर अजून एकमत नाही. गावात गैरसमज होईल अशी भीती काहींना वाटते, आणि ती अगदीच निराधार नाही. आमचे मत दाखवावा असे आहे, पण त्याआधी एखाद्या वारकरी कार्यकर्त्याला बोलावून, त्याच्यासमोर. तिसऱ्या दिवशी मुले आपले यान बनवतील. त्यासाठी पुठ्ठ्याची खोकी, बारीक तार, सायकलचे जुने स्पोक, बिघडलेल्या खेळण्यांतल्या मोटारी आणि हिरवा रंग लागेल. चाकण आणि तळेगावच्या कंपन्यांत काम करणाऱ्या बांधवांनी भंगारात जाणाऱ्या वस्तू, रीतसर विचारून, एप्रिलअखेरपर्यंत विहारात आणून द्याव्यात. प्रोजेक्टरची सोय झाली आहे, पडद्याची व्हायची आहे.

जय भीम!